तुरीवरचे नंदी

तुरीच्या कोवळ्या फांदीवर मुंगळ्यांची ये-जा वाढली की समजावं, तिथं कुणीतरी मुक्कामाला आलं आहे. मुंगळा उगाच खेपा घालत नाही. मावा असेल, पिठ्या ढेकूण असेल, नाहीतर ज्यांच्यासाठी मी दर पावसाळ्यात बांधावरची तूर झाडन्‌झाड न्याहाळते ते शिंगवाले असतील. भाद्रपदात पावसानं उघडीप दिली आणि ऊन तिरपं पडलं की ते चांगले दिसतात. पानाचा देठ फांदीला जिथं जुळतो त्या बेचक्याजवळ, सालीच्याच रंगाचे, सहा-सात मिलिमीटर लांबीचे, एकामागे एक बसलेले असतात. तोंडं बहुधा एकाच दिशेला.

दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग डोळ्याला लावून जवळ गेलं की आधी शिंगंच नजरेत भरतात. दोन्ही खांद्यांवरून एकेक निघालेलं, बाहेर वळलेलं, टोकाला अणकुचीदार. मग तिसरा काटा दिसतो. तो पाठीवरून पंखांच्या वरून थेट मागे गेलेला असतो. डोकं समोर नसतं, खाली वाकलेलं असतं, तोंड खोडाकडे. कडेला दोन ठळक डोळे आणि त्यांच्यामध्ये फक्त भिंगातूनच दिसतील असे दोन बारीक साधे डोळे. पंख धुरकट पारदर्शक, त्यांतल्या शिरा मोजता येतील इतक्या स्पष्ट. बोट जवळ नेलं तर हा लगेच उडत नाही. तिरका तिरका चालत खोडाच्या पलीकडे सरकतो. आपण पलीकडे गेलो की तो अलीकडे. फारच सतावलं तर मागच्या पायांवर असा उसळतो की ‘टक’ असा बारीकसा आवाज येतो आणि तो गेला कुठं हे कळत नाही.

पिल्लं त्याच गर्दीत असतात, पण मोठ्यांसारखी अजिबात दिसत नाहीत. शिंगं नाहीत, पंख नाहीत. चपटं, काळपट अंग, पाठीवर बारीक काट्यांची रांग आणि शेपटीच्या जागी वर उचललेली एक नळी. त्या नळीकडे मुंगळ्याचं सगळं लक्ष. तो पुढे येतो, दोन्ही मिशांनी पिल्लाच्या पाठीवर हलकं थापटतो, थांबतो, पुन्हा थापटतो. नळीच्या टोकाला पाण्यासारखा नितळ थेंब येतो. मुंगळा तो पितो आणि पुढच्या पिल्लाकडे जातो. हे एकदा सावकाश पाहिलं की तुरीच्या शेंगा तोडायला आलेला माणूसही हातातलं काम विसरतो, हे मी पाहिलेलं आहे.

माझ्या भाचीनं लहानपणी या किड्यांना नंदी म्हणायला सुरुवात केली. पोळ्याला रंगवलेल्या बैलाच्या शिंगांसारखी ती शिंगं तिला वाटली. घरात ते नाव रुळलं आणि अजून चालू आहे. गंमत अशी की नावं देणाऱ्या मोठमोठ्यांनाही यांच्यात गुरंढोरंच दिसली. डेन्मार्कचा योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस हा लिनियसचा विद्यार्थी. त्यानं जवळपास दहा हजार कीटकांची वर्णनं लिहिली. 1775 साली त्यानं या कुळातल्या एका किड्याला ‘टॉरस’, म्हणजे बैल, असं नाव दिलं. 1798 साली दुसऱ्याला ‘टॅरँडस’, म्हणजे रेनडिअर. आपल्याकडची शेतकी पुस्तकं या सगळ्या मंडळींना सरसकट ‘काऊबग’ म्हणतात. कीटकशास्त्रात यांच्या कुळाचं नाव आहे मेम्ब्रॅसिडी. जगात या कुळातल्या तीन हजारांहून जास्त जातींची वर्णनं झालेली आहेत, आणि त्यातल्या बहुसंख्य अमेरिका खंडांत, विशेषतः मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण जंगलांत आहेत.

नाव शोधण्याची सुरुवात माझ्यापुरती एका संभाषणानं झाली. शेजारच्या शेतातले तात्या बांधावरून चालले होते. मला तुरीत वाकलेली पाहून थांबले.

“ताई, काय बघताय एवढं? मावा पडलाय का?”

“मावा नाही, तात्या. याला शिंगं आहेत, बघा तरी.”

त्यांनी फांदी वाकवली, डोळे बारीक केले. “हां, ह्यो व्हय. ह्यो बाभळीवर असतोय की. तिथनंच आला आसंल.”

ओढ्याकाठी जुनी बाभूळ आहे. मी दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन तिच्याकडे गेले. तात्या म्हणाले होते तसे शिंगवाले तिथं होतेच, कोवळ्या डहाळ्यांवर, मुंगळ्यांच्या पहाऱ्यात. पण भिंगातून पाहिलं तर तुरीवरचे आणि बाभळीवरचे एकाच साच्यातले नव्हते. तुरीवरच्याच्या पाठीवर, दोन पंखांच्या मुळांमध्ये, एक त्रिकोणी तुकडा मागे जाणाऱ्या काट्याच्या दोन्ही अंगांनी डोकावत होता. बाभळीवरच्यात तो जवळजवळ झाकूनच गेलेला होता, कारण पाठीची ढाल रुंद होऊन त्याच्यावरून मागे गेली होती. वांग्याच्या वाफ्यात मग तिसरा सापडला. त्याचा मागचा काटा पाठीला चिकटून न जाता आधी वर उठत होता, कमान करत होता आणि मग टोकानं पंखांवर टेकत होता. काटा आणि पाठ यांच्यामधून पलीकडचा उजेड दिसत होता.

एका परिसरात तीन झाडं, तीन शिंगवाले. तेव्हापासून मी यांची नावं शोधते आहे, आणि या शोधात जे कळलं ते लिहावं असं पुष्कळ दिवस मनात होतं.

पहिली पायरी सोपी असते. हा भुंगेरा नाही, कारण तोंड चावणारं नाही. डोक्याच्या खालून मागे वळलेली सोंड आहे आणि ती खोडात खुपसून हा रस पितो. म्हणजे मावा, तुडतुडे, सिकाडा, खवले कीड यांच्या गणातला. तुडतुड्यांशी याचं नातं जवळचं आहे. दोघांत फरक करायचा तर पाठीकडे बघावं. वक्षाच्या पहिल्या खंडावरची ढाल तुडतुड्यात आखूड, डोक्यामागे पट्टीसारखी असते. या शिंगवाल्यांत ती वाढून पोटावरून मागे जाते. शिंगं, मागचा काटा, हे सगळं त्या एका ढालीचंच रूप. ढाल मागे गेली की कुळ ठरलं. एवढं कुणालाही, शाळकरी मुलालाही, साध्या भिंगानं करता येतं.

दुसरी पायरी त्या त्रिकोणी तुकड्याची. आपल्याकडे, आणि एकूणच आशिया, आफ्रिका, युरोप, ऑस्ट्रेलियात, हे कुळ मुख्यतः सेंट्रोटिनी या उपकुळातलं आहे. त्यात बहुतेकांचा तो त्रिकोण उघडा दिसतो. अमेरिकेतल्या पुष्कळ जातींत ढाल त्याला पार गिळून टाकते. त्रिकोण असाच झाकलेला असल्यामुळे बाभळीवरच्या ऑक्सिरॅकिस या प्रजातीला काही अभ्यासकांनी पूर्वी वेगळ्या उपकुळात टाकलं होतं. आता तिला सेंट्रोटिनीतच धरतात. फॅब्रिशियसचा रेनडिअर याच प्रजातीतला, ऑक्सिरॅकिस टॅरँडस. वांग्यावरचा, कमान करणारा, तो लेप्टोसेंट्रस प्रजातीतला. फॅब्रिशियसचा बैल, लेप्टोसेंट्रस टॉरस, वांग्यावर आढळतो अशी नोंद आहे. तुरीवर ओटिनोटस ओनेरेटस आढळतो असं शेतकी पुस्तकं सांगतात. हे नाव 1850च्या दशकात ब्रिटिश म्युझियमसाठी याद्या करणाऱ्या फ्रान्सिस वॉकरनं दिलेलं.

इथं थांबून एक गोष्ट सांगते, कारण ती कळली की कीटकांची नावं वाचायला वेगळीच मजा येते. लेप्टोसेंट्रस टॉरसच्या पुढे फॅब्रिशियसचं नाव आणि 1775 हे साल कंसात लिहितात. कंस का? फॅब्रिशियसनं तो किडा मेम्ब्रॅसिस नावाच्या प्रजातीत घातला होता. पुढच्या अभ्यासकांनी त्याला लेप्टोसेंट्रसमध्ये हलवलं. नाव ठेवणाऱ्याचा मान कायम राहावा, पण घर बदललं हेही कळावं, म्हणून तो कंस. अडीचशे वर्षांतला सगळा वाद त्या दोन वळणांत मावलेला असतो. फॅब्रिशियसकडे भारतातले किडे येत ते बऱ्याच प्रमाणात तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीहून. ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. टाचणी टोचून वाळवलेले किडे जहाजानं युरोपात जात आणि तिथं त्यांना लॅटिन नावं मिळत. त्याचा संग्रह आज कोपनहेगनच्या संग्रहालयात आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या कुळावर दोन मोठी कामं झाली. जॉर्ज बाउडलर बक्टन हा इंग्रज रसायनशास्त्रज्ञ. ऐंशी ओलांडल्यावर त्यानं मेम्ब्रॅसिडी कुळावर रंगीत चित्रांचा ग्रंथ काढला, 1901 ते 1903 या काळात. आणि विल्यम लुकास डिस्टंटनं ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत भारतातल्या ढेकणांच्या गणावर खंडामागून खंड लिहिले. त्याच्या चौथ्या खंडात हे शिंगवाले आहेत. पुढे 1996 साली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेनं के. एस. अनंतसुब्रमणियन यांचा भारतातल्या मेम्ब्रॅसिडींवरचा खंड प्रसिद्ध केला. भारतात बसून, भारतातली झाडं धुंडाळून केलेलं हे काम आहे. त्याचं मोल मला सर्वांत मोठं वाटतं.

का ते सांगते. डिस्टंटचा खंड उघडला की प्रत्येक जातीखाली शिंगांचं, रंगाचं, शिरांचं काटेकोर वर्णन मिळतं, लांबी मिळते, गावाचं नाव आणि पकडणाऱ्याचं नाव मिळतं. कोणत्या झाडावर बसला होता, हे क्वचितच. टाचणीवरच्या किड्याला झाड नसतं. मुंगळा नसतो, पिल्लं नसतात, नळीच्या टोकाचा थेंब नसतो. आणि या कुळाची ओळख तर निम्मी त्या झाडातच आहे. तात्यांनी एका दमात सांगितलेलं “ह्यो बाभळीवर असतोय” हे वाक्य लंडनच्या पेटीत कुठंच लिहिलेलं नव्हतं.

आता तिसरी पायरी, जातीची. इथं घाई करणारे फार, आणि मला या घाईचा राग येतो. तुरीवर दिसला ना, मग ओटिनोटस ओनेरेटस, लिहून मोकळे. तुरीवर आला म्हणून तो तोच असं होत नाही. गार्गारा, ट्रायसेंट्रस अशा प्रजाती आपल्याकडे आहेत, त्यांच्यातल्या कित्येक अनेक झाडांवर फिरतात. एकाच जातीत मादीची शिंगं लांब आणि नराची आखूड असू शकतात. एका जातीतही शिंगांचा बाक, लांबी, रंग यांत फरक पडतो. नुसत्या शिंगांवर विसंबून एकाच किड्याला दोन-दोन तीन-तीन नावं दिली गेल्याची उदाहरणं या कुळाच्या इतिहासात भरपूर आहेत, आणि नंतरच्या अभ्यासकांची आयुष्यं ती नावं एकत्र करण्यात गेली. शेवटचा निवाडा बहुतेक वेळा नराच्या जननेंद्रियाच्या रचनेवर होतो. ती सूक्ष्मदर्शकाखाली, किडा मारून, पोट सोडवून बघावी लागते. फोटोतून ती दिसत नाही.

म्हणून माझ्या वहीत तुरीवरच्या किड्यासमोर मी ‘कुळ मेम्ब्रॅसिडी, उपकुळ सेंट्रोटिनी’ असं शाईनं लिहिलं आहे आणि ‘ओटिनोटस असावा’ हे पेन्सिलीनं. बाभळीवरच्यासमोर ‘ऑक्सिरॅकिस’ शाईनं आहे. जिथवर पुरावा तिथवर शाई. पुढचं नाव माहीत नसणं ही उणीव आहे असं मला वाटत नाही. खोटं पूर्ण नाव लिहिण्यापेक्षा खरं अर्धं नाव शंभरपटीनं उपयोगी, कारण पुढच्या माणसाला त्यावर काही बांधता येतं.

पिल्लांच्या बाबतीत तर आणखी संयम लागतो. ती पाच वेळा कात टाकतात आणि शिंगं शेवटच्या कातीनंतरच येतात. शेवटच्या वेळी जुनी कातडी पाठीवर उभी फाटते, आतून फिकट, मऊ, सुरकुतलेला प्रौढ बाहेर येतो आणि घडी करून ठेवलेली ढाल अंगातल्या द्रवाच्या दाबानं फुगत जाते. शिंगं आधी लुळी असतात. बघता बघता ती ताठ होतात, हळूहळू रंग चढतो. हे बघायला मिळावं म्हणून मी पिल्लं असलेल्या फांदीवर मलमलीची पिशवी सैल बांधते. झाड तोडायचं नाही, पिल्लू उचलायचं नाही, फक्त फांदीसकट पिशवीत ठेवायचं. प्रौढ झाला की पिल्लू आणि मोठा एकाच जातीचे, हे पक्कं होतं. ओळखीच्या कामात याइतकं भरवशाचं साधन घरी दुसरं नाही.

शिंगं का, या प्रश्नावर मात्र विद्वानांत आजही पूर्ण एकमत नाही, आणि मला तो भाग फार आवडतो. सोपं उत्तर म्हणजे काटा. बाभळीच्या काट्यांत बसलेला ऑक्सिरॅकिस पाहिला की ते पटतं. पण तूर काटेरी नाही, वांगं बेताचंच काटेरी, आणि तिथंही हे तितकेच शिंगवाले. दक्षिण अमेरिकेतल्या बॉसिडियम नावाच्या प्रजातीत पाठीवर एक दांडा उभा राहतो आणि त्याच्या फांद्यांवर केसाळ गोळे असतात. काही जातींत ढाल मागे वाढून हुबेहूब मुंगी बनते, डंख मारायला तयार असलेली. 2011 साली ‘नेचर’ या नियतकालिकात एका फ्रेंच गटानं असं मांडलं की ही ढाल म्हणजे पंखांची तिसरी जोडी आहे, पहिल्या खंडावर नव्यानं उगवलेली. कीटकांना कोट्यवधी वर्षांत पंखांच्या दोनच जोड्या, त्यामुळे या दाव्यानं खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी शरीररचनेच्या अभ्यासकांनी तो खोडला. ढाल सांध्यानं जोडलेली नाही, ती पाठीच्याच पत्र्याची वाढ आहे, असं त्यांनी दाखवलं. मग 2019 साली जनुकांच्या अभ्यासातून निघालं की ढाल ही ढालच, पण ती घडवताना पंख घडवणाऱ्या जनुकांची यंत्रणा तिथं उसनी घेतली आहे. दोन्ही पक्षांना थोडं थोडं खरं सापडलं होतं. 2025 साली ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी आणखी एक शक्यता पुढे आणली: या किड्यांना हवेतला स्थिर विद्युतभार जाणवतो, आणि अशा टोकदार अवयवांमुळे जवळ येणाऱ्या कीटकाच्या अंगावरच्या भाराची चाहूल अधिक चांगली लागत असावी. म्हणजे आपण ज्याला शिंग म्हणतो ते कदाचित कानासारखं काहीतरी काम करत असेल. माझ्या भाचीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मावशी, मग नंदी मान हलवतो ते बरोबरच आहे.”

ऐकण्याचं निघालं आहे तर हेही. हे किडे एकमेकांशी बोलतात आणि आपल्याला त्यातलं काहीही ऐकू येत नाही, कारण ते हवेतून बोलत नाहीत, खोडातून बोलतात. अंग थरथरवून देठात कंप सोडतात आणि दुसरा तो पायांनी टिपतो. नर मादीला असाच साद घालतो. अमेरिकेतल्या अंबोनिया क्रॅसिकॉर्निस या काटेरी जातीवर मिसुरी विद्यापीठाच्या रेक्स कॉक्रॉफ्ट यांनी मोठं काम केलं. तिथं मादी अंड्यांपासून पिल्लं मोठी होईपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहते. शिकारी किडा आला की पिल्लं एकत्र, एका तालात कंप देतात, आणि आई त्या दिशेला धावून जाते, पंख फडफडवते, पाय झाडते. पिल्लांची हाक कानाला न ऐकू येता आईला कळते. देठाला चिकटवायचं साधं कंपनमापक यंत्र आता महाग राहिलेलं नाही. आपल्याकडच्या तुरीत, बाभळीत काय बोलणं चालतं ते एखाद्या महाविद्यालयातल्या मुलांनी ऐकायला घ्यावं, अशी माझी फार इच्छा आहे. बाभूळ शोधायला लांब जावं लागत नाही.

आता तात्यांचा दुसरा प्रश्न, जो प्रत्येक शेतकरी विचारतो आणि त्यानं विचारायलाच हवा. “ताई, मारून टाकू का औषध?”

प्रश्न रास्त आहे. हे रस पितात, मादी अंडी घालताना कोवळ्या खोडाला करवतीसारख्या अवयवानं चिरा पाडते, चिरांच्या जागी गाठी येतात, फार गर्दी झाली तर फांदी मलूल पडते. सांडलेल्या गोड स्रावावर काळी काजळी चढते. पण हैदराबादजवळच्या पाटनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत तुरीच्या किडींवर आयुष्यं घातलेल्या लोकांनीसुद्धा या शिंगवाल्यांना मोठं नुकसान करणाऱ्यांत धरलेलं नाही. तुरीचा खरा वैरी शेंगा पोखरणारी अळी. ज्याच्यामुळे पीक बुडतं तो वेगळा, आणि जो दिसतो म्हणून फवारणी होते तो वेगळा. अशा फवारणीत तुरीच्या फुलांवर येणाऱ्या मधमाशा मरतात, मावा खाणारे ढालकिडे मरतात, या शिंगवाल्यांच्या अंड्यांवर जगणाऱ्या इवल्याशा गांधीलमाश्या मरतात. त्या अंड्यांत अंडी घालतात आणि संख्या आपोआप आटोक्यात ठेवतात. तात्यांना मी हे सगळं सांगितलं नाही. भिंग दिलं आणि मुंगळा दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. शेंगा लागल्या की बघू.” शेंगा लागल्या, चांगल्या लागल्या.

मुंगळे काढून टाकले तर काय होतं, यावरही जगभर पुष्कळ प्रयोग झाले आहेत. खोडाला चिकट पट्टी लावून मुंग्यांची वाट बंद केली की पिल्लांची संख्या बहुतेक वेळा घटते, कारण कोळी आणि शिकारी ढेकूण येऊन त्यांना उचलतात, शिवाय न प्यायलेल्या स्रावात ती चिकटून बसतात. उत्तर अमेरिकेतल्या पब्लिलिया प्रजातीत तर मुंग्या राखणीला आल्या की मादी पहिली पिल्लं त्यांच्यावर सोपवून दुसरीकडे दुसरी अंडी घालायला जाते, असं नोंदलेलं आहे. म्हणूनच मी म्हणते, वहीत किड्याच्या नावाशेजारी मुंगीचं नाव हवंच. आमच्या तुरीवर काळा मोठा मुंगळा असतो. कोकणातल्या बागेत त्याच जागी हुंबील ही तांबडी मुंगी असेल तर सगळी कथाच बदलेल.

पुण्यात आकुर्डीला प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. कृषी विद्यापीठांत कीटकशास्त्राचे विभाग आहेत, त्यांच्या संग्रहांत टाचणीवरचे नमुने आहेत. ते नमुने आणि आपल्या परसातली झाडं यांच्यामध्ये जो दुवा हवा, तो तिथं बसलेली मोजकी माणसं एकटी जोडू शकणार नाहीत. त्यासाठी ज्यांच्या दारात तूर आहे, वांगं आहे, चिंच आहे, अशी माणसं लागतील. शहरात गॅलरीत एखादं वांग्याचं रोप असलं तरी पुरे.

तेव्हा माझी वाचकांना एवढीच विनंती. येत्या पावसाळ्यात आपल्या एका झाडावर मुंग्यांची रांग शोधा आणि तिच्यामागे जा. शिंगवाला सापडला तर त्याचे तीन फोटो काढा: एक बाजूनं, म्हणजे मागच्या काट्याचा बाक दिसेल; एक वरून, म्हणजे पाठीवरचा त्रिकोण उघडा आहे की झाकलेला ते कळेल; एक समोरून, शिंगांचा. जवळ पिल्लं असतील तर त्यांचा, मुंगी असेल तर तिचाही. खाली तारीख लिहा, गाव लिहा आणि झाडाचं नाव न विसरता लिहा. जातीचं नाव खात्रीचं नसेल तर ती जागा कोरी ठेवा. ती भरायला पुढे कुणीतरी येईल. आणि फोटो काढून होईपर्यंत फवारणीचा पंप भरू नका.